पेरीचे नवे प्रयोग : तीन शतकांच्या झाडांना जगवण्याची धडपड

इंग्लंडमधील हेरफर्डशायर काउंटीतील मच मार्कल या गावी हेलन्स नावाच्या जुन्या वाड्यासमोर नाशपातीच्या झाडांची एक रांग आहे. ही झाडे १७१०च्या सुमारास, राणी अ‍ॅनच्या कारकीर्दीत लावली गेल्याचे सांगितले जाते. म्हणजे ती रुजली तेव्हा बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपदाची वस्त्रेही मिळालेली नव्हती. त्यांपैकी काही झाडे आजही उभी आहेत आणि फळेही देतात. मात्र ती फळे कोणी खात नाही. कच्चे जांभूळ किंवा हिरडा चावल्यावर जीभ जशी ओढली जाते, तशीच गत ही नाशपाती चावणाऱ्याची होते. या फळांचा एकच मोठा उपयोग गेली कित्येक शतके ठरलेला आहे, तो म्हणजे त्यांचा रस आंबवून तयार केले जाणारे ‘पेरी’ नावाचे सौम्य मद्य.

सफरचंदापासून जशी सायडर होते, तशी नाशपातीपासून पेरी होते. सायडरच्या सावलीत राहिलेल्या आणि विसाव्या शतकात जवळजवळ विस्मरणात गेलेल्या या पेयावर गेल्या दोन-तीन दशकांत अनेक प्रयोग होत आहेत. एकाच जातीच्या फळांची पेरी, बाटलीतच किण्वन पूर्ण होऊ दिलेली फेसाळ पेरी, गोठवून घट्ट केलेल्या रसाची गोड पेरी, व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरवलेली पेरी, क्विन्स किंवा द्राक्षाच्या चोथ्यासह आंबवलेली पेरी, इतकेच नव्हे तर पेरीच्याच फळांपासून बनवलेली अल्कोहोलविरहित पेये असे त्यांचे स्वरूप आहे. वरवर पाहता ही नव्या पिढीच्या चवीची हौस वाटते. प्रत्यक्षात यातील बहुतेक प्रयोगांमागे या फळाचा हट्टी स्वभाव आणि ती झाडे तोडली जाऊ नयेत यासाठी चाललेली आर्थिक धडपड आहे.

पेरी कुठली?

नाशपातीपासून मद्य करण्याची रीत फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात नाशपातीच्या मद्याचा उल्लेख केला आहे, तर त्यानंतरच्या काळात पॅलेडियस याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात ते बनवण्याची कृती दिली आहे. आज मात्र ही परंपरा युरोपच्या मोजक्या पट्ट्यांत टिकून आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर, हेरफर्डशायर आणि वूस्टरशायर या तीन काउंटी व त्यांना लागून असलेला वेल्सचा मन्मथशायर हा एक पट्टा. फ्रान्समधील नॉर्मंडीतील डोंफ्राँ हा दुसरा. ऑस्ट्रियातील मोस्टफिर्टेल हा तिसरा. मोस्टफिर्टेल या नावातच ‘मोस्ट’ म्हणजे फळांच्या रसाचे मद्य आहे. याखेरीज स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीतही जुन्या बागा आढळतात.

इंग्लंडमध्ये अशी लोकसमजूत आहे की, ग्लॉस्टरशायरच्या सीमेवरील मे हिल ही टेकडी जिथून दिसते तिथपर्यंतच चांगल्या पेरीची नाशपाती पिकते. समजुतीत अतिशयोक्ती असली तरी या फळाचे मातीशी असलेले घट्ट नाते तिच्यातून दिसते. तीन काउंट्यांतील पेरीला युरोपीय संघाने १९९६ मध्ये भौगोलिक संकेताचे संरक्षण दिले. डोंफ्राँच्या पेरीला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘प्वारे’ला, २००२ मध्ये फ्रान्सचा नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला. त्यात ‘प्लाँ द ब्लाँ’ या स्थानिक जातीचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते.

या झाडांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचे आयुष्य. बाजारात विकली जाणारी नाशपाती हल्ली ठेंगण्या झाडांवर पिकवली जाते. पेरीची झाडे मात्र वड-पिंपळासारखी उंच वाढतात आणि अडीचशे-तीनशे वर्षे जगतात. जोमाने वाढलेले एखादे झाड चांगल्या हंगामात टनभर फळ देते. हेरफर्डशायरमधील होम लेसी येथील एका झाडाच्या फांद्या जमिनीला टेकून पुन्हा रुजत गेल्या आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या एकाच झाडाने पाऊण एकर जागा व्यापल्याची नोंद आहे. नवे झाड भरपूर फळ देऊ लागायला मात्र एखादी पिढी जावी लागते. ‘नाशपाती लावायची ती वारसांसाठी’ अशी इंग्रजीत म्हण आहे. आजोबांनी लावलेल्या आंब्याची गोडी नातवाने चाखावी, तसाच हा प्रकार.

फळाचा हट्टी स्वभाव

पेरी बनवणे सायडर बनवण्यापेक्षा अवघड मानले जाते. याची कारणे फळाच्या रसायनशास्त्रात आहेत.

पहिले कारण म्हणजे फळ पिकण्याची रीत. बऱ्याच जातींची नाशपाती गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने पिकते आणि सडतेही तशीच. बाहेरून टणक, निरोगी दिसणारे फळ कापले तर आतून तपकिरी होऊन गेलेले असू शकते. काही जातींची फळे झाडावरून पडल्यापासून अवघ्या काही दिवसांतच दळावी लागतात, तर ‘बट’सारख्या जातींची फळे पुष्कळ काळ टिकतात. कोणत्या झाडाची फळे कधी गोळा करायची, हे त्या झाडाला ओळखणाऱ्या माणसालाच कळते.

दुसरे कारण टॅनिन. तुरटपणा देणारा हा घटक पेरीच्या अनेक जातींत भरपूर असतो. म्हणून अशी फळे दळल्यावर लगदा लगेच दाबून रस काढला जात नाही, तर तो काही तास किंवा रात्रभर तसाच ठेवला जातो. त्या अवधीत टॅनिनचा काही भाग साका होऊन चोथ्यातच अडकतो. तरीही दोन वेगवेगळ्या जातींची स्वच्छ, नितळ पेरी एकमेकींत मिसळली की, मिश्रण अचानक गढूळ होऊन तळाशी गाळ साचणे ही नेहमीची बाब आहे. सायडरमध्ये मिश्रण ही उत्पादकाची हुकमी विद्या असते. पेरीत तीच जोखीम ठरते. म्हणून अनुभवी उत्पादक आधी एका पेल्यात थोडे मिश्रण करून काही दिवस वाट पाहतात आणि मगच पिंपांना हात लावतात.

तिसरे कारण सायट्रिक आम्ल. नाशपातीच्या काही जातींत ते बऱ्याच प्रमाणात असते. दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंच्या कुळातील काही जीवाणू सफरचंदाच्या रसातील मॅलिक आम्ल सौम्य करतात आणि त्यामुळे सायडरची चव सुधारते. पेरीत मात्र तेच जीवाणू सायट्रिक आम्लाचे रूपांतर अंशतः अ‍ॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लात करतात आणि पिंपातील मद्य आंबट वळणावर जाते.

चौथे कारण सॉर्बिटॉल. ही साखरेसारखी गोड लागणारी, पण यीस्टला न पचणारी शर्करा-अल्कोहोल नाशपातीत नैसर्गिकरीत्या असते. सारी साखर आंबून गेली तरी सॉर्बिटॉल तसेच उरते आणि पेरीला हलका गोडवा देते. साखर न घालता टिकणारी ही गोडी पेरीचे मोठे बलस्थान आहे. सॉर्बिटॉल सारक असल्यामुळे पेरी जास्त प्याल्यावर पोटाची तारांबळ उडते, हेही इंग्लंडच्या खेड्यांत पूर्वापार ठाऊक आहे. नाशपातीच्या काही जातींना मिळालेली ‘मेरीलेग्ज’ म्हणजे डुलणारे पाय, ‘मंबलहेड’ म्हणजे बरळणारे डोके अशी टोपणनावे मात्र सॉर्बिटॉलमुळे नव्हे, तर अल्कोहोलमुळे पडली.

ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राने विसाव्या शतकात या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तेथील शास्त्रज्ञ लकविल व पोलार्ड यांनी संपादित केलेला ‘पेरी पेअर्स’ हा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे केंद्र २००३ मध्ये बंद झाले. मात्र उत्पादकांच्या हाती त्या अभ्यासाचा वारसा राहिला.

बाटलीतला फेस : नवे की जुने?

प्रयोगशील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेरीतील सर्वात लोकप्रिय प्रकार म्हणजे बाटलीतच किण्वन पूर्ण होऊ दिलेली फेसाळ पेरी. तिच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत रस पूर्ण आंबवून तो बाटलीत भरताना मोजून साखर व यीस्ट घातले जाते. बाटलीत दुसरे किण्वन होते, कर्बवायू तयार होतो आणि साचलेला गाळ शेवटी काढून टाकला जातो. शॅम्पेन याच रीतीने बनते. दुसऱ्या पद्धतीत पहिलेच किण्वन अर्धवट असताना रस बाटलीत भरला जातो आणि उरलेल्या साखरेवर तो तिथेच आंबत राहतो. फ्रेंच द्राक्षमद्यांच्या जगात हिला ‘पेत-नात’ असे संक्षिप्त नाव आहे आणि गेल्या काही वर्षांत ती जगभर चलनात आली आहे.

मात्र ही नवलाई खरोखर नवी नाही. हेरफर्डशायरशी नाते असलेले धर्मोपदेशक जॉन बील यांनी डिसेंबर १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सायडरविषयी निबंध सादर केला. बाटलीबंद सायडरमध्ये थोडी साखर घालण्याची रीत त्यात नोंदवलेली होती. त्याच महिन्यात क्रिस्टोफर मेरेट यांनी मद्यात साखर घालून ते फेसाळ करण्याविषयी सांगितले. शॅम्पेनच्या दंतकथेतील दोम पेरिन्यो हे भिक्षू आपल्या मठात दाखल झाले ते १६६८ मध्ये. कोळशाच्या भट्ट्यांत तयार होणारी मजबूत काच इंग्लंडमध्ये उपलब्ध झाली होती, म्हणून वायूचा दाब सोसणाऱ्या बाटल्या तिथे आधी आल्या. त्यामुळे बाटलीतील फेस हा पेरीच्या पट्ट्याला परका नाही. तो मध्यंतरी हरवला होता, एवढेच.

या पद्धतीत सॉर्बिटॉल कसे आडवे येते, हे समजून घेण्याजोगे आहे. रसात किती साखर उरली हे पाहण्यासाठी उत्पादक हायड्रोमीटरने रसाची घनता मोजतात. दर लिटरमागे साधारण चार ग्रॅम साखर आंबली की बाटलीत एक वातावरणाइतका दाब वाढतो. शॅम्पेनच्या सहा वातावरण दाबासाठी सुमारे २४ ग्रॅम साखर पुरते. हायड्रोमीटरला मात्र साखर आणि सॉर्बिटॉल यांतील फरक कळत नाही. घनता स्थिरावली आहे असे दिसते, तेव्हा उरलेला गोडवा आंबणारा आहे की न आंबणारा, हे सांगता येत नाही. अंदाज कमी पडला तर पेरी निर्जीव राहते, जास्त झाला तर बाटली फुटते. म्हणून काही उत्पादक थोडा रस वेगळा काढून उबदार जागी पूर्ण आंबू देतात आणि तो कुठे थांबतो ते पाहून पिंपातील रस केव्हा बाटलीत भरायचा ते ठरवतात.

डोंफ्राँमध्ये बाटलीतील नैसर्गिक किण्वन हा नियमाचाच भाग आहे. नॉर्मंडीच्या दक्षिणेला एरिक बोर्डले यांनी या परंपरेला नवी प्रतिष्ठा मिळवून दिली. पॅरिसमधील ‘आर्पेज’ या नामांकित उपाहारगृहात मद्यतज्ज्ञ म्हणून काम केल्यानंतर ते १९९२ मध्ये गावी परतले आणि घरच्या बागांकडे द्राक्षमळ्यासारखे पाहू लागले. त्यांची ‘ग्रानिट’ ही प्वारे खूप जुन्या, काही तर तीनशे वर्षांच्या झाडांच्या फळांपासून बनते आणि तिच्या नावातच तिथल्या ग्रॅनाइटच्या जमिनीचा उल्लेख आहे.

एका झाडाची, एका पिंपाची चव

दुसरा महत्त्वाचा प्रयोग म्हणजे एकाच जातीच्या फळांची पेरी. पूर्वी शेतावर मिळेल त्या फळांची मिसळ होत असे. आता ‘थॉर्न’, ‘मूरक्रॉफ्ट’, ‘ग्रीन हॉर्स’, ‘यलो हफकॅप’, ‘बट’ अशा जाती स्वतंत्रपणे आंबवून त्यांचे नाव बाटलीवर लिहिले जाते. वर सांगितलेली गढूळपणाची अडचण यातून आपोआप टळते. त्याहून मोठा फायदा असा की, ग्राहक एखाद्या जातीचे नाव लक्षात ठेवून मागतो, तेव्हा त्या जातीच्या झाडाला किंमत येते. हेरफर्डशायरमध्ये रॉस-ऑन-वाय परिसरातील आणि ऑकल पिचर्ड येथील उत्पादकांनी हा मार्ग नेटाने चालवला आहे.

ऑकल पिचर्डचे टॉम ऑलिव्हर हे या चळवळीतील परिचित नाव. ‘द प्रोक्लेमर्स’ या स्कॉटिश संगीतजोडीबरोबर ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करणारे ऑलिव्हर आपल्या शेतावर बाहेरचे यीस्ट न घालता किण्वन होऊ देतात. फळाच्या सालीवर आणि दळणयंत्रावर असलेले नैसर्गिक यीस्ट एकापाठोपाठ एक काम करतात, त्यामुळे किण्वन संथ होते आणि प्रत्येक पिंपाची चव वेगळी येते. ही पद्धत जुनी आहे; नवे आहे ते प्रत्येक पिंपाचे वेगळेपण दोष न मानता गुण म्हणून विकणे.

व्हिस्की किंवा रमच्या रिकाम्या पिंपांत मुरवण्याचा प्रयोगही याच प्रकारचा. लाकडात उरलेला मद्याचा अंश पेरीत उतरतो. पेरी मात्र सायडरपेक्षा नाजूक असते; तिचा फुलांचा, लिंबाच्या सालीचा वास धुराच्या किंवा लाकडाच्या वासाखाली सहज दबतो. त्यामुळे तुरट, भरदार जातीच यासाठी निवडल्या जातात.

थंडीची मदत

कॅनडातील क्युबेक प्रांतात कडाक्याच्या थंडीचा उपयोग करून गोठवलेल्या सफरचंदाच्या रसापासून गोड सायडर बनवण्याची कल्पना १९९०च्या आसपास रुजली. रस गोठला की पाणी बर्फ होते आणि साखर व आम्ल उरलेल्या द्रवात एकवटतात. तो दाट रस कित्येक महिने सावकाश आंबवला जातो. हीच रीत तिथल्या काही उत्पादकांनी नाशपातीला लावली. त्यातून जेवणानंतर छोट्या पेल्यात घेतले जाणारे, मधासारखे दाट पेय तयार होते. एका बाटलीसाठी कित्येक पट रस लागतो, त्यामुळे किंमतही चढी असते. सॉर्बिटॉलही या रसात एकवटत असल्यामुळे गोडी अधिकच वाढते. अशा वेळी आम्लता पुरेशी असलेले फळच लागते, अन्यथा पेय नुसते गुळमट होते.

पेरी कशाला म्हणायचे?

सर्वात वादग्रस्त प्रयोग मिश्र किण्वनाचे आहेत. हेरफर्डशायरमधील काही तरुण उत्पादक नाशपातीबरोबर क्विन्स आंबवतात. हे फळ काश्मीरमध्ये ‘बमचूंठ’ म्हणून ओळखले जाते. काहीजण वाइनसाठी रस काढून उरलेल्या द्राक्षाच्या साली पेरीत भिजवतात, काही बीअरमध्ये वापरले जाणारे हॉप्स किंवा एल्डरची फुले घालतात. अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत असे प्रयोग अधिक मोकळेपणाने होतात. याचे एक कारण म्हणजे तिथे खाण्याची नाशपाती मुबलक आहे, पण तुरट फळांची जुनी झाडे दुर्मीळ. खाण्याच्या फळांच्या रसात टॅनिन जवळजवळ नसते. ती उणीव हॉप्सच्या कडवटपणाने किंवा लाकडी पिंपांनी भरून काढावी लागते.

ब्रिटनमध्ये मात्र इथे कायदा आडवा येतो. अबकारी नियमांनुसार पेरी म्हणजे सफरचंद किंवा नाशपातीच्या रसाच्या किण्वनातून तयार झालेले, १.२ टक्क्यांहून अधिक आणि ८.५ टक्क्यांहून कमी अल्कोहोल असलेले पेय. त्यात रंग किंवा चव देणारा, परवानगी नसलेला पदार्थ घातला की ते पेरी राहत नाही. त्याची गणना ‘इतर किण्वित पेयां’त होते. ऑगस्ट २०२३ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार साध्या पेरीच्या तुलनेत या वर्गावरील शुल्क सुमारे अडीच पट होते. बाटलीतील दाब तीन बारपर्यंत पोहोचला आणि अल्कोहोल साडेपाच टक्क्यांहून अधिक असले, तर अस्सल नाशपातीची पेरीही चढ्या दराच्या वर्गात जाते. शॅम्पेनच्या रीतीने बनवलेल्या पेरीला याची झळ बसते.

याच नियमांत पेयातील फळांच्या रसाचे किमान प्रमाण आहे ते ३५ टक्के. हा रस आयात केलेल्या दाट अर्कापासूनही घेता येतो. म्हणजे दोन तृतीयांशाच्या जवळपास पाणी आणि साखरेचे पेय कायद्याने पेरी ठरू शकते. मात्र शंभर वर्षांच्या झाडाच्या शुद्ध रसात मूठभर फुले टाकणारा शेतकरी त्या व्याख्येबाहेर जातो. वर्षाला सात हजार लिटरपर्यंत पेरी किंवा सायडर बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांना शुल्कातून मिळणारी सवलत हा या चळवळीचा मोठा आधार आहे. पण ती मिळते कायद्यातल्या पेरीलाच. परिणामी काय घालायचे आणि किती फेस ठेवायचा याचा निर्णय अनेकदा चवीपेक्षा कराच्या तक्त्यावर होतो.

नावांवरूनही वाद झाले आहेत. १९५३ मध्ये सॉमरसेटमधील शॉवरिंग बंधूंनी ‘बेबीचॅम’ ही छोट्या बाटलीतील फेसाळ पेरी बाजारात आणली आणि पबमध्ये येणाऱ्या महिला ग्राहकांत ती कमालीची लोकप्रिय झाली. १९७०च्या दशकात ‘शॅम्पेन सायडर’ आणि ‘शॅम्पेन पेरी’ या नावांवरून फ्रेंच शॅम्पेन उत्पादक आणि सायडर कंपनी बुल्मर यांच्यात खटला झाला. त्यातील १९७४चा निकाल ब्रिटनमधील युरोपीय कायद्याच्या वापराविषयीचा महत्त्वाचा दाखला म्हणून आजही अभ्यासला जातो. जर्मनीत श्लाट या गावच्या यॉर्ग गायगर यांच्यापुढे तर वेगळाच पेच उभा राहिला. ते वापरत असलेल्या नाशपातीच्या जुन्या जातीचे नावच ‘शँपान्यर ब्राटबिर्ने’ असे आहे. त्या नावाच्या बाटलीवरील वापराचा वाद जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये त्याचा निकाल लागला.

गायगर यांचा आणखी एक प्रयोग या साऱ्यांहून निराळा आहे. जुन्या बागांतील फळांचा रस, औषधी वनस्पती आणि मसाले यांपासून ते अल्कोहोलविरहित फेसाळ पेये तयार करतात. मद्य न घेणाऱ्यांना जेवणाबरोबर काही वेगळे हवे असते, ही गरज त्यांनी ओळखली. पेरीच्या फळातील तुरटपणा इथे कामी येतो, कारण नुसत्या गोड सरबतात जी धार नसते ती टॅनिनमुळे येते. मद्याशिवायही या झाडांना उत्पन्न मिळू शकते, हे यातून दिसले.

खरा प्रश्न झाडांचा

या सर्व प्रयोगांचे मोजमाप अखेर बागेत होणार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जुन्या फळबागा मोठ्या प्रमाणावर तोडल्या गेल्या. धान्य, कुरणे आणि घरे यांना जमीन हवी होती आणि न खाण्याजोग्या फळांना गिऱ्हाईक नव्हते. डिसेंबर १९९९ मधील वादळात नॉर्मंडीतील अनेक उंच झाडे उन्मळून पडली. फायर ब्लाइट हा जीवाणूजन्य रोग १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम आढळला. त्यात फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पडतात आणि नाशपाती त्याला सहज बळी पडते.

काही जाती आज अगदी काठावर आहेत. ‘फ्लेकी बार्क’ या जातीची मे हिलच्या परिसरातील जुनी झाडे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. ‘कॉपी’ या जातीचे तर एकच पूर्ण वाढलेले झाड उरल्याची नोंद झाली होती. अशा झाडांच्या काड्या घेऊन कलमे बांधण्याचे काम काही उत्पादकांनी आणि फळप्रेमींनी केले. ग्लॉस्टरशायरमधील हार्टपरी येथील राष्ट्रीय पेरी नाशपाती केंद्रात विविध जातींचा संग्रह जोपासला जातो. चीज उत्पादक चार्ल्स मार्टेल यांनी तीन काउंट्यांतील जातींचा शोध घेऊन २०१३ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. पेरीने धुतलेले त्यांचे ‘स्टिंकिंग बिशप’ हे चीज जगभर ठाऊक आहे. ते नाव मुळात मूरक्रॉफ्ट नाशपातीचेच स्थानिक टोपणनाव.

झाड तुटले तर केवळ एक चव जात नाही. जुन्या फळझाडांच्या कुजणाऱ्या गाभ्यात ‘नोबल चेफर’सारखे दुर्मीळ भुंगेरे वाढतात, ढोलीत पक्षी घरटी करतात. म्हणूनच पारंपरिक फळबागांना ब्रिटनमध्ये २००७ मध्ये संवर्धनासाठी प्राधान्य असलेल्या अधिवासांत स्थान मिळाले. परंतु अशा बागा मुख्यतः खासगी शेतांवर आहेत. टनभर फळाला गाडीभाड्याइतकीही किंमत मिळत नसेल, तर शेतकरी ते झाड किती काळ राखणार, हा प्रश्न संवर्धनाच्या यादीने सुटत नाही. एका बाटलीला चांगल्या द्राक्षमद्याच्या जवळपास दाम मिळू लागला, तर तो सुटू शकतो. प्रयोगशील पेरीचे अर्थकारण ते हेच.

भारतात नाशपाती पिकते ती खाण्यासाठी. जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडातील फळबागा, पंजाबातील टणक ‘पत्थरनाख’, उत्तर भारतातील मऊ ‘बब्बूगोशा’ आणि निलगिरीच्या उतारांवरील देशी नाशपाती ही सारी गोड, रसाळ फळे आहेत. त्यांच्या रसापासून मद्य होऊ शकते; मात्र तुरट फळांच्या पेरीची जातकुळी त्यात येत नाही, असा अमेरिकेतील अनुभव सांगतो. भारतीय वाचकासाठी या कथेत महत्त्वाचे आहे ते दुसरेच. बाजाराने नाकारलेल्या, खाण्यास अयोग्य ठरलेल्या देशी फळाला जागा मिळते ती त्याचा दोष काढून टाकल्याने नव्हे, तर त्या दोषाचा उपयोग शोधल्याने.

मच मार्कलच्या रांगेत जिथे जुने झाड पडले, तिथे नवी रोपे लावण्यात आली आहेत. ती नीट वाढली तर चोविसाव्या शतकातही फळ देतील. त्या फळांची पेरी फेसाळ असेल की गोड, पिंपात मुरलेली असेल की फुलांनी गंधित, हे आज सांगता येणार नाही. ती फळे गोळा करायला तेव्हा कोणी असेल का, हे मात्र आजच्या प्रयोगांच्या यशावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.